दोन तळांमधलं पाणी

१

फायबरच्या छोट्या शिडाच्या बोटीतलं पाणी काढणं हे काही अवघड काम नाही. बोट काठावर ओढायची, लाकडी घोड्यांवर चढवायची, पुढची नाळ जरा उंच ठेवायची, मागचं बूच काढायचं आणि सावलीत जाऊन कॉफी प्यायची. कॉफी संपते तोवर पाणीही संपतं. मेदिंगने अशा बोटी इतक्या वेळा रिकाम्या केल्या होत्या की तिचे हात ते काम तिला न विचारता करत. फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावरच्या त्या खाडीकाठी ती, तिचा नवरा सेल्सो आणि धाकटा दीर बर्नाबे असे तिघं मिळून बोटी दुरुस्तीची शेड चालवत.

आता तिघांचे दोघं उरले होते, आणि समोर घोड्यांवर चढवलेली बोट सेल्सोची होती.

तो गेला त्या सकाळी वादळाचा इशारा लागलेला होता. गावातल्या एकाही मच्छीमाराने होडी पाण्यात घातली नव्हती. मेदिंग त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. "वारा असला तरच शिडाची मजा," असं म्हणून त्याने आपल्या डावऱ्या हाताने तिला खांद्याला धरलं आणि खुर्ची सरकवावी तसं बाजूला केलं. हसत हसत. पुढच्या आठवड्यात मच्छीमारांनी बोट ओढून आणली. डोलकाठी मोडलेली, सुकाणू गायब आणि आत कोणी नाही.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. मेदिंग रडली नाही. बायका म्हणाल्या, बिचारीचं दुःख आत गोठलंय. त्यांच्या अंगावर ओरडावंसं तिला वाटे: दुःख नाही गं बायांनो, राग आहे राग! ज्याच्यावर काढायचा तो समोर नाही, म्हणून दातओठ खात बसलेय.

काही महिन्यांनी समुद्रापलीकडच्या बातांगासचा एक माणूस बोट घ्यायला तयार झाला. मेदिंगला किमतीत घासाघीस करायची नव्हती. ती एकदाची डोळ्यांसमोरून जावी, एवढंच हवं होतं. तिने मागचं बूच काढलं. थेंबभर पाणी आलं नाही.

ओढताना तर बोट जड लागली होती. म्हणजे पाणी मधे अडकलं होतं. असल्या बोटीला दोन तळ असतात. बाहेरचं कवच आणि त्यात बसवलेला आतला साचा, ज्यावर आपण पाय ठेवतो. दोहोंमध्ये चार बोटांची पोकळी. कुठे बारीक चीर गेली की पाणी त्या पोकळीत शिरतं आणि तिथेच कुजतं. मेदिंगने लाकडी हातोडीने बुडाला ठोकून पाहिलं. भरलेल्या घागरीसारखा बद्द आवाज आला.

"मरताना तरी काम नीट करून जायचंस की रे," ती म्हणाली, आणि पाणी कुठवर आहे ते ऐकायला तिने बोटीच्या पोटाला कान लावला.

आत लाट फुटली.

ती मागे सरकली. मग पुन्हा कान लावला. पाणी पोकळीतून घरंगळत पुढे गेलं, नाळेवर आपटलं, थांबलं आणि सरसरत मागे आलं. पुन्हा पुढे. शेडच्या छपराखाली वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता.

२

"घोडी कच्ची असणार," बर्नाबे म्हणाला. तो नुकताच जेवून आला होता आणि काडीने दात कोरत होता. "मागे ट्रक गेला असेल एखादा. आपल्याला कळत नाही, पण जमीन हादरते."

"दुपारभर ट्रकच जातायत का?"

"मग वारा."

"कुठाय वारा? दाखव मला. त्या टॉवेलला दाखव."

"वहिनी, माझ्यावर कशाला चिडतेस? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस. तेच तर! तो निघाला तेव्हा तू कुठे होतास? दोरी कोणी सोडून दिली त्याची?"

बर्नाबेने काडी टाकली. दोरी त्यानेच सोडून दिली होती. थोरल्या भावाने सांगितलेलं काम न करण्याची त्याला सवयच नव्हती. तो बोटीखाली शिरला, घोड्यांच्या पायांत पाचरी ठोकल्या आणि खांदा लावून बोट हलवून पाहिली. ती खडकासारखी घट्ट होती.

मेदिंगचं तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने ॲल्युमिनियमचा वाडगा काठोकाठ पाण्याने भरला, बोटीत चढली आणि तो तळावर मधोमध ठेवला. दोघंही गुडघ्यांवर बसून वाकले. वाडग्यातलं पाणी काचेसारखं स्थिर होतं. त्यात बर्नाबेचं नाक आणि छपराचा पत्रा स्पष्ट दिसत होता. त्याच वाडग्याखाली, चार बोटांवर, पाणी धाडकन एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. गुडघ्यांना गार कंप जाणवला. वाडग्यात वर्तुळसुद्धा उठलं नाही.

बर्नाबेने छातीवर क्रूसाची खूण केली.

"ते राहू दे," मेदिंग म्हणाली. "ड्रिल आण."

"आज नको ना. उद्या करू."

"मला बोट विकायचीय बर्नाबे, पुजायची नाही. आण म्हणते ना!"

३

बोटीखाली पाठीवर झोपून तिने बुडाचा सगळ्यात खोल भाग चाचपला आणि ड्रिल लावलं. फायबरचा पांढरा भुसा पापण्यांवर पडला. टोक आरपार गेलं तसं पाणी तिच्या मनगटावर आलं, आणि तिने हात झटकन मागे घेतला. बोट सकाळपासून तापलेल्या पत्र्याखाली होती. बाहेरून हात लावला तर चटका बसत होता. आणि पाणी असं गार, की हाडात कळ जावी.

तिने छिद्र अंगठ्याएवढं मोठं केलं. धार मात्र लागली नाही. भसकन पाणी यायचं, थांबायचं, पुन्हा भसकन यायचं.

हवा अडत असेल, तिने स्वतःला समजावलं. बाटली उलटी धरली की होतं तसं. बुडबुडा अडतो, सुटतो, मग पाणी येतं. एवढी साधी गोष्ट. ती कोपरावर रेलून बघत राहिली. प्रत्येक भसक्याच्या आधी आत काहीतरी खरवडत होतं.

खरवड. उचल. ओत.

समुद्रकाठी वाढलेल्या कोणालाही तो आवाज कळला असता. कोणीतरी डब्याने पाणी उपसत होतं. घाईने नाही आणि आरामातही नाही. ज्याला माहीत आहे की थांबून चालणार नाही, तसं.

बर्नाबे शेडच्या खांबाला धरून उभा होता. "दादा आहे," तो पुटपुटला. "वहिनी, दादाच आहे."

मेदिंगच्या अंगात जे उसळलं ते भय नव्हतं. निदान आधी तरी नव्हतं. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदम वर आलं. तिने हातोडी उचलून बोटीच्या पोटावर हाणली.

"उपस!" ती ओरडली. "उपस आता! सांगत होते ना मी? पाया पडायची राहिले होते तुझ्या! वाऱ्याची मजा हवी होती ना? घे मजा! मी इथे लोकांची तोंडं बघत बसलेय, तुझी आई रोज माझ्याकडे बघून उसासे टाकते, आणि तू... तू काय केलंस रे हे, मूर्खा?"

आतला आवाज थांबला.

पाण्याचं घरंगळणंही थांबलं. कोणी कान देऊन ऐकत असावं अशी ती शांतता होती. मेदिंगच्या हातातली हातोडी खाली आली. छिद्राच्या कडेला एक थेंब लोंबकळत राहिला.

मग उपसणं पुन्हा सुरू झालं. पण आता त्या आवाजाच्या आजूबाजूला आणखी आवाज होते. पाण्यातून पाय ओढत चालल्याचे. चुबुक, चुबुक. एका ठिकाणाहून नव्हे, चारी बाजूंनी. आणि ते सगळे छिद्राकडे येत होते.

तिने हाताला लागली ती चिंधी छिद्रात कोंबली. तिच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत, आणि त्याचाही तिला संताप आला.

४

बर्नाबेच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी मेदिंग शेडमध्ये आली तर सासू सिमांग, जिला मेदिंग नानाय, म्हणजे आई, म्हणे, बोटीखाली पाटावर बसलेली. एका हातात जपमाळ. चिंधी काढून फेकलेली. छिद्रातलं पाणी भसाभस तिच्या घागऱ्यावर पडत होतं आणि म्हातारी हसत होती.

"नानाय, उठा तिथून. भिजलात सगळ्या."

"माझं लेकरू पाणी उपसतंय आणि तू बोळा कोंबलास? त्याने पाणी टाकायचं कुठे?"

"तिथे कोणी नाही."

"मग कोणाला शिव्या घालत होतीस काल? बर्नाबेने सांगितलं मला सगळं. जिवंत होता तेव्हा घालत होतीस, आताही घालतेस."

सेल्सो सहा वर्षांचा असताना छपरावरून उडी मारून आला तेव्हा या बाईने त्याला मारलं नव्हतं, शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. हे म्हातारीने स्वतः तिला शंभरदा कौतुकाने सांगितलेलं. तिथूनच तो वादळात निघाला होता, मेदिंगला वाटलं. त्या छपरावरूनच.

तेवढ्यात नानायने जपमाळ मांडीवर ठेवली आणि तर्जनी छिद्रात घातली.

"काढा! काय करताय?"

"श्श." म्हातारीचा चेहरा उजळला. सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या. "धरलंन. बोट धरलंन माझं. लहानपणी धरायचा तसं, मुठीत."

त्यानंतर ती तिथून हलेना. बर्नाबे भात आणि सुकी मासळी नेऊन ठेवी, ती तशीच राही आणि मांजर खाऊन जाई. संध्याकाळी दोघं मिळून तिला घरी नेत, सकाळी ती त्यांच्या आधी हजर. शेडच्या उतारावरून पाणी खाली वाहत होतं. कुंपणाजवळचं कालामान्सी लिंबाचं झाड पिवळं पडून पानं टाकू लागलं.

"उपसू दे ना त्याला," बर्नाबे म्हणे. "एक दिवस पाणी संपेल, दादा मोकळा होईल. आईलाही बरं वाटतंय."

"बरं? तिचा हात बघितलास?"

बोट पांढरंफटक पडलं होतं. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडं सुरकुततं तसं. पण रात्रभर कोरड्या अंथरुणात झोपूनही ते सकाळी तसंच असे. नख निळं झालं होतं. आधी एक बोट होतं, मग दोन. मग एका सकाळी मेदिंगने पाहिलं, नानायची तीन बोटं मुळापर्यंत आत गेली होती.

तिने छिद्र अंगठ्याएवढं केलं होतं. तीन बोटं त्यात जाणं शक्यच नव्हतं. म्हातारी डुलकी घेत होती तेव्हा मेदिंग वाकली आणि तिने कडेवरून हळूच नख फिरवलं. ड्रिलने फायबर खरबरीत कापलं जातं, हाताला कुसं लागतात. ही कड गुळगुळीत होती. गोट्यासारखी. आणि ती आतून बाहेरच्या दिशेला झिजली होती.

५

त्या दुपारी ती बोटीत चढली. हातात बारीक करवत होती आणि कमरेला टॉर्च खोचलेला. खाली नानाय छिद्राला बोटं लावून गुणगुणत होती. बर्नाबे तिच्याशेजारी उकिडवा बसून सिगरेट ओढत होता.

"वहिनी, काय करतेस वर?"

"बघते. तुम्हा दोघांना बघायचं नाहीये, म्हणून मी बघते."

आतल्या तळाला तिने तळहाताएवढी चौकट कापली. तुकडा खाली पडला. 'टप' असं वाजायला हवं होतं. पोकळी चार बोटांची होती, तिने स्वतः मोजलेली. तुकडा पडला, आणि जरा वेळाने, खूप खालून, पाण्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला.

तोंडावर गार वारा लागला. वादळाआधी सुटतो तसा, ओला. मेदिंग पोटावर झोपली. टॉर्च लावायची गरज पडली नाही. आत उजेड होता. पावसाळी सकाळचा, राखाडी.

तिला सगळं दिसलं नाही. चौकट तेवढीच होती आणि डोळा एकच लावता येत होता. पाणी दिसलं. ते डुचमळत होतं. त्यात पाय दिसले, घोट्यापर्यंत बुडालेले. अनवाणी. बायकांचे, पुरुषांचे, एक फार लहान. किती होते ते कळलं नाही, कारण उजेडाच्या पलीकडेही पाण्याला तशीच हालचाल होती. सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे होते. रांगेत.

रांगेच्या टोकाला, जिथे तळ सगळ्यात खोल होता, तिथे पाण्यातून म्हातारीची तीन पांढरी बोटं वर आली होती. एक हात वाकून आला. त्याने ती बोटं मुठीत धरली, धरून राहिला आणि सोडली. तो बाजूला झाला. दुसरा हात आला. तो बाईचा होता. तिने बोटं धरली आणि जरा ओढली. मग तिसरा. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत निमूट थांबत होता, आणि प्रत्येक जण जाताना थोडंसं ओढून जात होता.

एकच माणूस रांगेत नव्हता. तो कडेला, तिच्याकडे पाठ करून, गुडघा टेकून पाणी उपसत होता. डाव्या हाताने. मानेवरचे केस कापायला झाले होते.

"सेल्सो," ती म्हणाली. हाक मारायची म्हणून मारली नाही. तोंडातून निघाली.

डावा हात क्षणभर हवेत थांबला. मान वळली नाही.

बाकीचे सगळे वळले.

६

आपण बोटीतून खाली कशा आलो हे मेदिंगला नंतर कधीच आठवलं नाही. गुडघे सोलले होते, म्हणजे उडीच मारली असणार.

"धर त्यांना!" ती बर्नाबेवर ओरडली. "कमरेला धर आणि ओढ!"

"पण आई—"

"ओढ म्हणते ना, गाढवा!"

आयुष्यभर सांगितलेलं काम करण्याची सवय त्या घटकेला उपयोगी पडली. बर्नाबेने आईच्या कमरेला मिठी घातली. मेदिंगने तिचं मनगट धरलं आणि पाय बोटीच्या बुडाला लावून मागे रेलली. म्हातारी किंचाळत होती, मेदिंगला मोकळ्या हाताने बुक्के मारत होती. वजन भलतंच होतं. पलीकडून एक माणूस ओढत नव्हता, हे मेदिंगच्या खांद्यांना कळत होतं. मग कोणीतरी सोडलं. की आत कोणीतरी मधे पडून बाकीच्यांना ढकललं? तसा काहीतरी गोंधळ ऐकू आला, पाण्यात धडपडल्याचा. बोटं निसटली आणि तिघंही चिखलात उताणी पडली.

मेदिंग उठली. लाकडी बूच छिद्रापेक्षा लहान निघालं, म्हणून तिने त्याला पोतं गुंडाळलं आणि हातोडीने ठोकून बसवलं. एक एक घाव घालताना तिच्या तोंडून शिवी निघत होती. समुद्राला, वाऱ्याला, त्या रांगेतल्या एकेकाला. सेल्सोलाही. त्याच्यासाठीची शिवी मधेच अडकली. तिने ती पूर्ण केली आणि पुढचा घाव घातला.

डिंकासारखं रेझिन कालवून तिने फायबरच्या कापडाचे थर चढवले. मग बर्नाबेला वर धाडून तळातली चौकट बुजवायला लावली. "डोळे मिटून कर," तिने बजावलं, आणि त्याने खरोखरच डोळे मिटून, चाचपत ती बुजवली. उद्या दोन होड्यांनी ही बोट खोल पाण्यात नेऊन सोडायची, असं तिने ठरवून टाकलं. बातांगासच्या माणसाला काय सांगायचं ते नंतर बघता आलं असतं.

नानाय पाटावर बसली होती. पांढरी बोटं रुमालात गुंडाळलेली. आता ती ओरडत नव्हती. तिचा आवाज खूप लहान झाला होता.

"तू आत बघितलंस."

मेदिंग बोटीखाली उकिडवी बसून ठिगळावर तळहात दाबून धरत होती. रेझिन घट्ट होताना तापतं. हाताखाली ते ऊन ऊन लागत होतं, जिवंत माणसाच्या पाठीसारखं.

"होता का गं तो तिथे? एवढंच सांग. शिव्या दे मला हव्या तर. पण एवढं सांग."

सांगितलं असतं तर म्हातारीने आज रात्री नखांनी ते ठिगळ उकरलं असतं. आणि न सांगून? मेदिंगला भयंकर राग आला. हेही त्याने तिच्यावरच टाकलं होतं. जाताना, परत येताना, आणि आताही पाठ फिरवून.

"नव्हता," ती म्हणाली. "ती दुसरीच माणसं होती, नानाय. सेल्सो त्यांच्यात नव्हता."

म्हातारीने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिली. मग बर्नाबेने तिला हाताला धरून उठवलं आणि दोघं घराच्या वाटेला लागले.

मेदिंगने हात काढला नाही. ठिगळाच्या पलीकडे पायांचे आवाज हळूहळू दूर गेले. एकच आवाज राहिला. खरवड. उचल. पण आता ओतायला जागा नव्हती, आणि उपसलेलं पाणी जिथून उचललं तिथेच पडत होतं. तरी तो उपसत होता.

रेझिन दगडासारखं होईपर्यंत ती तशीच दाबून बसून राहिली.